आकड्याशिवाय नाव न घेणारे सर

ते गेल्याची नोटीस कॉलेजच्या फलकावर लागली, तेव्हा तिच्या तळाशी बारीक अक्षरात संगणकाने आपणहून फाइलचं नाव छापलं होतं: ‘शोकसभा फायनल नवीन दोन’. ऑफिसातल्या क्लार्कला ते दिसलं नसावं, किंवा दिसूनही त्यात काही वावगं वाटलं नसावं. मी त्या नोटिशीसमोर बराच वेळ उभी राहिले. वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. ते असते तर ऑफिसात जाऊन त्यांनी विचारलं असतं, “फायनल एक कुठे आहे? आणि ती फायनल होती, तर ही कोण?”

शोकसभेत बोलणाऱ्यांनी त्यांना शांत, मनमिळाऊ आणि सहकार्यास सदैव तत्पर ठरवलं. यातलं एकही विशेषण त्यांना बसत नव्हतं. दोन मिनिटांची शांतता साधारण पाऊण मिनिटात आटोपली, कारण सभागृह पुढच्या कार्यक्रमाला हवं होतं.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज कर्जत आणि खालापूरच्या मधे, भाताची खाचरं विकत घेऊन बांधलेलं आहे. मी तिथली ग्रंथपाल. ते कॉम्प्युटर लॅबचे इन्चार्ज. त्यांची नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांनी कागद संपायचा आणि विभागप्रमुखांची सही झाली की पुन्हा सुरू व्हायचा. पोरं त्यांना ‘लॅबवाले सर’ म्हणत. राहायला कर्जतच्या बाजारपेठेत, घराणं जुनं, वडील शाळामास्तर. शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं असत आणि दोन्हींवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तारीख लिहिलेली असे. ती कशाची, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तास गेला असता.

आमची ओळख झाली ती आवृत्तीवरून. कॉलेजात नवीन असताना ते लायब्ररीत आले आणि एका पाठ्यपुस्तकाचं नाव सांगून म्हणाले, “चौथी आवृत्ती हवी.”

मी म्हटलं, “सहावी आलीय. कोरी आहे.”

“सहावी म्हणजे वेगळं पुस्तक, मॅडम. नाव सारखं आहे म्हणून फसू नका.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत आवृत्ती विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. बाकीचे सगळे ‘ते निळं पुस्तक’ मागायला येतात. मी माळ्यावरून चौथी आवृत्ती काढून दिली. त्यांनी ती उघडून एक पान पाहिलं, मान हलवली आणि तिथेच परत केली. एवढंच एक पान बघायचं होतं.

त्यांच्या लॅबमध्ये तीस मशीनं होती, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकट प्रणाली. ते काय असतं हे मला त्यांच्याचमुळे कळलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणारी अवजारं दरवर्षी नवी निघतात. एकाच अवजाराच्या तीन-चार आवृत्त्या एका मशीनवर सुखाने नांदू शकतात, फक्त प्रत्येकीला वेगळं नाव द्यावं लागतं. हे नाव कसं द्यायचं यावर लिनक्स बांधणाऱ्या निरनिराळ्या मंडळींचं एकमत नाही. सर त्या मंडळींना ‘घराणी’ म्हणत.

“एका घराण्यात नावापुढे आडवी रेघ ओढून आकडा लिहितात,” ते सांगायचे. “दुसऱ्याला रेघेची लाज वाटते, ते आकडा नावालाच चिकटवतात. तिसऱ्या घराण्यात जी सगळ्यात नवी तीच सून. आधीच्यांचे फोटोसुद्धा भिंतीवर ठेवत नाहीत. चौथ्यात प्रत्येकीला स्वतंत्र खोली, आणि खोलीचं दार कुठंय ते तुमचं तुम्ही शोधा.”

“मग बरोबर कोण?” मी विचारलं.

“सगळे. म्हणून तर पंचाईत.”

लॅबच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात याचा तक्ता लावला होता. डावीकडे घराणी, वरती अवजारं. भेट द्यायला आलेल्या एका पाहुण्यांनी तो रेल्वेचं वेळापत्रक समजून वाचला आणि शेवटची गाडी कितीची आहे असं विचारलं.

त्यांचा सगळा राग होता तो नुसत्या नावावर. पायथन नावाची भाषा पोरांना शिकवतात. ती चालवायला मशीनला तिचं नाव सांगावं लागतं. सरांच्या लॅबमध्ये नुसतं ‘पायथन’ लिहिलं की मशीन म्हणायचं, अशा नावाचं इथे कोणी नाही. पायथन ३.८ लिहा, ३.१० लिहा, ३.१२ लिहा, लगेच हजर. पहिल्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते एकच सांगायचे: “नुसतं नाव म्हणजे खुर्ची. खुर्चीत आज कोण बसलंय ते कळल्याशिवाय अर्ज करू नका.” दोन वर्षांत तीन प्राचार्य पाहिलेल्या पोरांना ते ताबडतोब पटायचं.

हा नेम त्यांनी लॅबपुरता ठेवला असता तर लोकांनी सहन केलं असतं. पण कँटीनमध्ये सकाळी नऊचा चहा आणि अकराचा चहा यांना एकच नाव असू नये, असा अर्ज त्यांनी लेखी दिला होता. अकराला मिळतो तो नऊचाच पुन्हा उकळलेला, असं त्यांचं निरीक्षण. कँटीनवाला त्यांच्या तोंडावर म्हणाला, “सर, च्या म्हंजे च्या. नंबर कुटं लावू, कपाला का कानाला?”

“पाटीवर लावा. ज्याला जुना आवडतो तो जुना घेईल.”

“आन् नवा मागितला तर?”

“तर तुम्हाला नवा करावा लागेल,” सर म्हणाले. कँटीनवाल्याने अर्जाचा कागद भज्यांखाली घातला.

त्यांचं म्हणणं कुणाला पहिल्या झटक्यात पटलं असेल, तर ते लॅबचे शिपाई मामा. ज्या जमिनीवर लॅब उभी आहे ती मामांच्या भावकीची. सर एकदा त्यांना नुसत्या नावाचा धोका समजावत होते, तर मामा म्हणाले, “त्यात काय नवल हाय सर? आमी कुटं नुसतं ‘शेतावर चाललो’ म्हनतो? तळ्याखालचं, आंब्याचं, म्हसणवाटेचं. न्हायतर भाकरी घिऊन बाय येक्या शेतात आन् गडी दुसऱ्या.”

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. लॅबच्या खाली कोणतं शेत होतं, तेही विचारलं. ‘तिवराचं’, म्हणजे तिवराच्या झाडाचं, असं उत्तर आलं. तेव्हापासून ते आपल्या तीन नंबरच्या लॅबला तिवराची लॅब म्हणू लागले, आणि विभागप्रमुखांच्या मनात त्यांच्याविषयी जी शंका होती ती पक्की झाली.

हे विभागप्रमुख मोहोपाड्याहून यायचे. आधी तिथल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात होते आणि कारखान्याची शिस्त इकडे आणावी अशी त्यांची इच्छा होती. ‘सुटसुटीत’ हा त्यांचा आवडता शब्द. लॅबमध्ये एकाच भाषेच्या तीन आवृत्त्या ठेवलेल्या पाहून त्यांना घरात तीन फ्रीज पाहिल्यासारखं झालं.

“सगळ्यात नवी ठेवा, बाकीच्या काढा, आणि साधं नाव द्या,” ते म्हणाले. “सुटसुटीत.”

“तिसऱ्या वर्षाची पोरं ३.८ वर शिकलीत,” सर म्हणाले. “दुसरं वर्ष ३.१०, पहिलं ३.१२. ज्या आवृत्तीवर पोरगं सुरुवात करतं तिच्यावरच त्याचं शेवटचं प्रॅक्टिकल होणार. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“पोरांना.”

“कॉलेजच्या वतीने शब्द द्यायला तुम्ही कोण?”

कंत्राटी माणसाकडे शब्द द्यायचा अधिकार नसतोच.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढा अट्टाहास कशासाठी. मोठं तत्त्व ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, “कशेळ्याची जीप पाचला सुटते. ती भरली की पुढची कधी ते जीपवाल्यालाही ठाऊक नसतं. काल चाललेला प्रोग्रॅम आज साडेचारला बंद पडला, तर ते पोरगं काय करणार? घरी मशीन नाही. चूक स्वतःची नाही आणि ते त्याला कळतही नाही. आपल्यालाच काही येत नाही असं समजून घरी जातं.”

कशेळ्याच्याही पलीकडच्या एका गावातून एक मुलगी यायची, तिसऱ्या वर्षाला. वडिलांची भातशेती, भाऊ कंपनीत. ती जीपसाठी सव्वाचारलाच दप्तर भरून ठेवायची आणि राहिलेला वेळ उभ्यानेच टाइप करायची. हे उत्तर देताना सरांच्या डोळ्यापुढे बहुतेक तीच होती, पण नाव त्यांनी घेतलं नाही.

त्या वर्षी कंत्राट संपायला आणि तिसऱ्या वर्षाची विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा यायला एकच गाठ पडली. परीक्षेच्या छापील सूचनांत लिहिलं होतं: ‘पायथन’ असे टाइप करून प्रोग्रॅम चालवा. आकड्याचा पत्ता नाही. विभागप्रमुखांनी तो कागद सरांपुढे ठेवला. शेजारी कंत्राटाचा कागदही ठेवला, सहीची जागा वरती येईल असा.

“आता तर विद्यापीठच म्हणतंय. साधं नाव सुरू करा, बाकीच्या आवृत्त्या काढा, सही करतो.”

सरांनी सूचनांचा कागद दोनदा वाचला. “हा मसुदा आहे की अंतिम?” त्यांनी विचारलं.

मी तेव्हा पुस्तकांच्या खरेदीची यादी घेऊन तिथेच उभी होते. त्या क्षणी ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. विभागप्रमुखांनी कंत्राटाचा कागद उचलून खणात ठेवला.

महिनाअखेरीस सरांनी किल्ल्या जमा केल्या, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधून. जाताना मामांना म्हणाले, “मशीनवर एक चिठ्ठी आहे, ती फक्त काढू देऊ नका.” प्रत्येक मशीनवर त्यांनी ती चिकटवली होती: ‘पायथन३ हे नाव मशीनच्या घरच्या वापराचं आहे. त्याला हात लावू नये.’ त्या नावावर मशीनची स्वतःची बरीच कामं अवलंबून असतात. घरमालकाच्या दारावरची पाटी बदलली की पोस्टमन, दूधवाला, पाहुणे सगळेच चुकतात, तसं ते आहे, असं त्यांनी मला समजावलं होतं.

विभागप्रमुखांनी रविवारी शिळफाट्याच्या एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने तीसही मशीनं पुसली, कीबोर्ड उलटे करून झटकले, आणि चिठ्ठ्या अस्वच्छ दिसतात म्हणून खरवडून काढल्या. मामा म्हणाले, “साहेब, ती ऱ्हाऊ द्या, सरांनी सांगितलंय.” तो म्हणाला, “मामा, कागद चिकटवून कुठं मशीन चालतं का?” मग साधं नाव म्हणून त्याने नेमकं ते घरचं ‘पायथन३’ पकडलं आणि ते सगळ्यात नव्या आवृत्तीकडे वळवलं. एका मशीनवर एक आकडेमोड करून पाहिली, उत्तर बरोबर आलं, निघून गेला.

सोमवारी सकाळी परीक्षेला पोरं येऊन बसली. मशीनं सुरू झाली, चित्रं दिसली, पण ज्या खिडकीत टाइप करायचं ती खिडकीच उघडेना. पोरं बटण दाबत, एक चाक फिरे, थांबे, आणि पुन्हा सगळं शांत. तीसही मशीनवर तसंच. बाहेरून आलेले परीक्षक कँटीनमध्ये चहा घेत होते. तो अकराचा नसावा, कारण ते अजून खुशीत होते.

विभागप्रमुख लायब्ररीत आले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. दारातूनच म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे त्यांचा नंबर असेल ना?”

मी फोन लावला. सर कर्जतला घरीच होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “चिठ्ठ्या काढल्या का?” मी हो म्हटलं. अर्ध्या तासात ते स्कूटरवरून आले. विभागप्रमुख पायऱ्यांवर उभे होते, त्यांना नमस्कार करून ते सरळ लॅबमध्ये गेले. मीही मागे गेले. पोरांत एकदम कुजबुज उठली. “सर आलं रं!”

ते पहिल्या मशीनवर बसले. तीन बटणं एकदम दाबली, तशी चित्रं गेली आणि नुसता काळा पडदा आला. त्यावर त्यांनी काही ओळी लिहिल्या. घरचं नाव घरी परत गेलं. मग तिथूनच बाकीच्या मशीनांना तोच निरोप धाडला. एकेक करून खिडक्या उघडू लागल्या. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. दारात उभे असलेले मामा मला हळूच म्हणाले, “बगा मॅडम, आता तरी सही करतील का न्हाय?”

परीक्षक आले. त्यांनी सूचना वाचून दाखवल्या आणि सांगितलं, ‘पायथन’ लिहा. पोरांनी सवयीप्रमाणे आकड्यासकट लिहिलं. परीक्षकांनी हात वर केला. “थांबा. छापलंय तेच टाइप करायचं. हे वेगळं काहीतरी आहे.”

“तेच आहे सर,” विभागप्रमुख घाईने म्हणाले.

“तेच आहे तर तसंच लिहायला काय हरकत? तसं चाललं नाही तर मी मार्क देऊ शकत नाही.”

कशेळ्याकडची ती मुलगी उभी राहिली. “सर, आमी तीन वर्षं आकडा लावूनच केलंय. प्रोग्रॅम बघा ना तुमी, नाव कशाला बघताय?”

“खाली बस गं,” शेजारची म्हणाली.

“का बसू? चुकलं काय त्यात?”

परीक्षकांनी वही काढली. विभागप्रमुख सरांकडे बघू लागले. सर त्या मुलीकडे बघत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पहिल्या मशीनवर बसले, आणि आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं ते केलं. सगळ्या मशीनांना नुसतं नाव दिलं. उठून फळ्याकडे गेले आणि खडूने लिहिलं: ‘आज साडेअकरा ते साडेचार, पायथन म्हणजे पायथन ३.८.’

परीक्षकांनी ते वाचलं. “याची गरज होती का?”

“मला होती,” सर म्हणाले.

परीक्षा झाली. ते दिवसभर मागच्या बाकावर बसून होते, पाहुण्यासारखे. चार वाजता परीक्षक समाधानाने गेले. विभागप्रमुखांनी तिथेच, लॅबच्या टेबलावर, खणातून आणलेला कंत्राटाचा कागद उलगडला. मला वाटतं, त्यांना मनापासून बरं वाटत होतं. पेनाचं टोपण काढून ते म्हणाले, “झालं ना शेवटी? एवढ्यासाठी महिनाभर ताणलंत. आता ते नाव तसंच राहू दे. सुटसुटीत.”

“उद्या दुसऱ्या वर्षाचं सबमिशन आहे,” सर म्हणाले. “फळ्यावर साडेचार लिहिलंय.”

“अहो, फळा पुसा.”

“उद्याची पोरं हे नाव बघतील, वापरतील. त्यांचं काम ३.१० चं, चालेल ३.८ वर. बंद पडलं तर निदान कळेल. भलतंच उत्तर देऊन चाललं तर तेही कळणार नाही.”

“तुम्हाला नोकरी हवीय की नको?”

“हवीय,” सर लगेच म्हणाले. तेवढ्या लगेच त्यांनी कधीच कशाचं उत्तर दिलं नव्हतं. “आईचं औषधपाणी आहे. हवीय मला.”

विभागप्रमुख पेन धरून थांबले. मीही थांबले. सर पहिल्या मशीनवर गेले, एक ओळ लिहून सगळ्या मशीनांवरचं नुसतं नाव काढलं, मशीन बंद केलं. फळा स्वतः पुसला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर सर कर्जतला एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले, आणि वर्ष भरायच्या आत गेले. विभागाच्या वार्षिक अहवालात त्या परीक्षेविषयी एक ओळ आहे, ‘सुटसुटीत नियोजनामुळे परीक्षा विनाव्यत्यय पार पडली.’ अहवाल मी लायब्ररीत नोंदवून ठेवला आहे. माझं कामच ते आहे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी न राहवून लॅबमध्ये गेले होते. दुसऱ्या वर्षाची बॅच बसली होती. नवीन इन्चार्ज अजून यायचे होते. मी दाराजवळच्या मुलामागे उभी राहिले. त्याने आकड्यासकट नाव लिहिलं, बटण दाबलं, ओळी भराभर खाली उतरल्या. माझी चाहूल लागून त्याने मान वळवली.

“काय पायजे मॅडम?”

“काही नाही रे. चालतंय ना, बघायला आले.”

त्याने नवलाने माझ्याकडे पाहिलं. “चालतंय की. न चालायला काय झालं?”